टू-फॉर्टी-थ्री की टू-फॉर्टी-फोर?

"पोरीसाठी यातलं कुठलं?" असं म्हणत शेजारच्या म्हाताऱ्यानं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन काडतुसं उभी करून ठेवली. मी मेथी निवडत होते. पानं एकीकडे, काड्या एकीकडे आणि मध्ये ही दोन, पितळी, किंचित तेलकट, बोटभर उंचीची. चष्मा लावून पाहिलं तरी आधी काही फरक दिसेना. मग दिसला. एक दुसऱ्यापेक्षा तीनेक मिलिमीटरनं उंच, त्याची मान जरा लांब. बुटक्याचा खांदा उतरता, उंचाचा जरा उभा. वर डोकावणारी शिशाची करडी टोकं मात्र अगदी सारखी. मी विचारलं, "फरक काय दोघांत?" झालं. कॉफीचे दोन मग संपेपर्यंत तो बोलत होता आणि मी काड्यांच्या ढिगात पानं टाकत होते.

तो गेल्यावर मेथी धुताना जाणवलं, की त्यानं "कुठलं" विचारलं आणि मी "फरक काय" विचारलं. "कशाला" हे दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

खरं तर "कशाला"चा निकाल कधीच लागून गेला होता, आणि तोही कुठल्या एका दिवशी नाही. आम्ही राहतो ते विस्कॉन्सिनमध्ये, माउंट होरेबच्या बाजूला. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्या आठवड्यात पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत सगळीकडे भडक केशरी जाकिटं दिसतात, ऑफिसातली अर्धी माणसं गायब असतात आणि त्याबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही. म्हाताऱ्याची नात आणि आमची लेक एका वर्गात. नातीनं हंटर एज्युकेशनचा कोर्स लावला म्हणून हिनंही लावला. आम्हाला वाटलं, बंदूक कशी हाताळू नये हे तरी कळेल. कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं, फ्रिजवर चार नियम चिकटले: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, काय मारतोय आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, मारायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. दूध काढताना मी ते इतक्यांदा वाचलेत की झोपेतही म्हणेन. मग एक दिवस लेक म्हणाली, "आई, नोव्हेंबरमध्ये मी जाऊ ना त्यांच्याबरोबर?" नवरा पुण्याचा, अंड्यापुढे कधी न गेलेला. तो माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या हिशेबानं मी सिंधुदुर्गातली, म्हणजे हे खातं माझं.

तर म्हाताऱ्याची गोष्ट. उंच काडतूस त्याच्या वडिलांच्या रायफलचं, रेमिंग्टन ७२२. बुटकं त्याच्या दिवंगत बायकोच्या रायफलचं, विंचेस्टर मॉडेल ७०. दोन्ही काडतुसं बाजारात आली ती एकाच साली, १९५५ मध्ये. विंचेस्टरनं आपलं .३०८चं काडतूस घेतलं, त्याची मान आवळली, सहा मिलिमीटरची बारीक गोळी बसवली आणि त्याला .२४३ म्हटलं. रेमिंग्टननं त्याच जाडीची गोळी जरा मोठ्या पुंगळीत बसवली आणि नाव ठेवलं .२४४. नावात इंचाचा हजारावा भाग जास्त, गोळीत काहीच नाही. पुंगळी मोठी म्हणजे दारू थोडी जास्त, वेग थोडा जास्त. कागदावर बघितलं तर रेमिंग्टनचं काडतूस कांकणभर सरसच. आणि तरीही ते बुडालं. विंचेस्टरचं आज सत्तर वर्षांनी इथल्या प्रत्येक दुकानात मिळतं, वडिलांच्या रायफलचं काडतूस म्हातारा कुठून कुठून मागवतो.

बुडालं ते नळीच्या आतल्या पिळामुळे. रायफलच्या नळीत पिळदार खाचा असतात, त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. भोवऱ्याला जाळी कमी पडली की तो जसा झिंगतो, तशी कमी फिरलेली गोळी हवेत डुलते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. विंचेस्टरनं दहा इंचांत एक फेरा दिला. रेमिंग्टनच्या लोकांना वाटलं, एवढी बारीक गोळी काय, शेतातले ग्राउंडहॉग (खारीच्या कुळातले, बिळं करणारे लठ्ठ प्राणी) आणि कोल्हे मारायला घेतील लोक, त्यांना हलक्या गोळ्या पुरतात. म्हणून त्यांनी बारा इंचांत एक फेरा ठेवला आणि ९० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वर गोळीच दिली नाही. विंचेस्टरवाल्यांनी १०० ग्रेनची दिली. गिऱ्हाईक शेतकरी. त्याला उन्हाळ्यात ग्राउंडहॉग आणि नोव्हेंबरात हरीण, दोन्हीला मिळून एकच रायफल परवडणार होती. त्याच्या कानावर एवढंच आलं, की रेमिंग्टनवाली हरणाला चालत नाही. दहा ग्रेनचा प्रश्न. पुढे रेमिंग्टननं पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये त्याच काडतुसाला ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव दिलं. पण एकदा गेलेली पत गेली. म्हाताऱ्याचे वडील त्या बारा इंची पिळाच्या रायफलनं आयुष्यभर हरणंच मारत आले, आणि तो सांगतो तसं, त्यांच्या हरणांना रेमिंग्टनची चूक कधी कळली नाही.

दहा ग्रेन म्हणजे किती हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. आमचे आजोबा कुडाळच्या बाजारात सोनाराकडे जायचे तेव्हा मी बरोबर असे, आणि तोळा, मासा, गुंज हा हिशेब माझ्या डोक्यात तिथे शिरला तो शिरलाच. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा, रुपयाच्या नाण्याच्या वजनाचा. म्हणजे ९० ग्रेन हा अर्धा तोळा झाला. अर्ध्या तोळ्याची गोळी हरणाला कमी पडते आणि अर्धा तोळा पाच गुंजांची पुरते, यावर एका आख्ख्या कंपनीचं काडतूस आपटलं. मी हे म्हाताऱ्याला टेबलावर पेन्सिलीनं मांडून दाखवलं. त्यानं आकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आणि तुमच्याकडे यानं सोनं मोजतात?"

आमच्याकडे काडतूस निवडायचा प्रश्नच नव्हता. काकाकडे एकनळी बारा बोअर, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. वरच्या खोलीत भिंतीला, खाली तांदळाची कणगी. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं मिळायची ते ठरलेलं, आणि ती मिळायची तेव्हा खडकीच्या कारखान्याची. दुकानदार देईल ती. फार तर एलजी की एसजी, म्हणजे आत मोठे छर्रे हवेत की जरा बारीक, एवढंच विचारायचा, आणि बहुतेक वेळा दोन्हींतलं एकच शिल्लक असायचं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. काका ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचा आणि निकाल लागल्यावर तशीच परत आणायचा. मधल्या काळात डुकरं भुईमुगात शिरली की काकू म्हणायची, "तेंका बरां ठावक असता मतदान कधी तां." काका माकडांवर आणि डुकरांवर बार काढायचा तो बहुतेक आभाळाकडेच. शिकारीच्या खऱ्या गोष्टी आजोबांच्या, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीच्या. हाका कुणी घातला, भेकर कुठल्या व्हाळातून निघालं, वाटे कसे पडले. मुंडी कुणाला, बंदूकवाल्याला काय, हाका घालणाऱ्या पोरांना काय, आणि हजर नसलेल्या विधवेच्या घरी कोणता वाटा पोचवायचा. वाट्यांचं वर्णन ते शिकारीपेक्षा लांबवायचे. कुठली गोळी होती हे मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. कांचनमृगाच्या गोष्टीतही सीतेला कातडं हवं असतं, लक्ष्मणाला संशय येतो, बाण कुठला हे कुणी विचारत नाही.

निवडायला मिळतं तिथेच माणूस असा कीस पाडतो.

आणि जिथे स्वतः पाडत नाही तिथे सरकार पाडतं. म्हाताऱ्यानंतर मी रात्री वाचत बसले आणि हसावं की काय कळेना. आमच्या विस्कॉन्सिनात हरणाला .२२ जाडीची सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर टोला बसणाऱ्या काडतुसाची, गोळी कायद्यानं चालते, म्हणजे .२२३ रेमिंग्टन घेऊन खुशाल जा. व्हर्जिनियात .२३ हवी. कोलोरॅडोत .२४ हवी, आणि गोळी किमान ७० ग्रेनची. म्हणजे विस्कॉन्सिनातला सज्जन त्याच रायफलनिशी कोलोरॅडोत गुन्हेगार. शेजारच्या आयोवात तर नेहमीच्या हंगामात या सगळ्या बाटलीसारख्या गळ्याच्या काडतुसांना मज्जाव, तिथे सरळ भिंतीची जाड काडतुसं लागतात. हरीण मात्र सगळीकडे हरीणच. आपल्याकडेही दुसरं काय झालं? .३०३ हे लष्कराचं काडतूस, ते साध्या माणसाच्या हाती नको, म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ची रायफल आली आणि ईशापूरच्या कारखान्यानं ती वर्षानुवर्षं बनवली. एका इंचाच्या बारा हजारांश भागांचा फरक, तोही वाघाला किंवा सांबराला विचारून केलेला नाही. चोरलेलं लष्करी काडतूस आपल्या बंदुकीत बसू नये, एवढाच हेतू.

ऑगस्टअखेर म्हातारा आम्हाला त्याच्या शेताच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. मक्याच्या दोन पट्ट्यांमधलं गवत, शंभर यार्डांवर मातीचा बांध, त्यावर कागद. लेकीनं आधी .२४३ घेतली, मग .२४४. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, पोट गवतात. आवाज मी समजत होते त्यापेक्षा खूप मोठा, छातीत बसणारा. आणि बार झाला की क्षणभरानं तो वास, जो मला थेट काकाच्या वरच्या खोलीत घेऊन गेला. खडकीची दारू आणि इथली दारू सारखी असेल असं नाही, पण नाकाला पटत नव्हतं. तिला विचारलं कुठली बरी वाटली, तर म्हणाली, "दोन्ही सेम." पुंगळी मोठी, दारू जास्त, वेग जास्त हे सगळं तिच्या खांद्यानं एका शब्दात निकालात काढलं. तिच्या वयाच्या पोरांना इथे .२४३ देतात ते याचसाठी. थर्टी-ऑट-सिक्सचा, म्हणजे मोठी माणसं वापरतात त्या जाड काडतुसाचा, दणका हिच्या जवळपास दुप्पट. म्हातारा म्हणतो, बारीक गोळीनं हरीण मरत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी पोरांचे डोळे बघावेत. मोठ्या बंदुकीला घाबरलेलं पोर चाप ओढताना डोळे मिटतं आणि गोळी पोटात जाते. पोटात गोळी घेतलेलं हरीण रात्रभर चालतं.

मग त्यानं एक गोष्ट केली. रायफल भरून तिच्या हाती द्यायचं कामच त्यानं स्वतःकडे घेतलं. दोन-तीन बार झाले, पुढच्या वेळी त्यानं तिला न सांगता आत खोटं काडतूस सरकवलं. तिनं नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. टक्. बार झालाच नाही. पण नळीचं तोंड सरळ खाली गेलं, चांगलं चार बोटं, आणि तिचा खांदा पुढे आला. येणाऱ्या दणक्याला तिचं शरीर आधीच टेकू द्यायला गेलं होतं. ती लाजली. म्हातारा काही बोलला नाही, पुन्हा भरली, पुन्हा दिली. खरं आहे की खोटं हे तिला कळू न देता तो देत राहिला आणि ती ओढत राहिली. ऊन उतरायला लागलं तेव्हा एकदा टक् झालं आणि नळी जागची हलली नाही. कागदावरची भोकं मी मोजली नाहीत. मला तो टक् पुरला. त्यापुढे ग्रेन आणि वेग आणि पीळ हे सगळं मला फार पुस्तकी वाटायला लागलं. सत्तर-ऐंशी यार्डांवर झाडीत उभं असलेलं हरीण, खांद्यामागे परातीएवढी जागा, तिथे फुप्फुसं आणि हृदय. तिथे गोळी गेली तर दोन्ही काडतुसं पुरतात, नाही गेली तर दोन्ही कमी पडतात.

मला वाटतं, लोक या जवळजवळ सारख्या गोष्टींवर इतके तास घालवतात ते त्यामुळेच. हरीण मारायचं आहे ही एकच गोष्ट मोठी आहे, आणि तिच्याबद्दल जेवताना बोलता येत नाही. दहा ग्रेनबद्दल येतं. म्हातारा बायकोच्या रायफलबद्दल बोलतो तेव्हा पिळाबद्दल बोलतो. रायफलचा दस्ता बायकोच्या उंचीला कापून घेतला होता हे सांगतो आणि पुन्हा पिळाकडे वळतो. मीही तेच करत होते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर "हरणाला? अगं, हरणाला?" असं दोनदा विचारलं तेव्हा मी त्यांना लेकीची बंदूक धक्का कमी देणारी आहे असं सांगितलं. त्यांनी बंदुकीबद्दल विचारलंच नव्हतं.

शेवटी एक फरक खरोखरचा निघाला, आणि तो माझ्या खात्यातला होता. मारलेलं हरीण आमच्या फ्रीझरमध्ये येणार, खिमा आणि भाजीचे तुकडे होऊन. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटा राज्यानं फूड बँकांना दान आलेला हरणाचा खिमा फेकून द्यायला सांगितलं होतं, कारण त्यात शिशाचे कण सापडले. शिशाची वेगवान गोळी आत गेली की फुटते आणि डोळ्याला न दिसणारी भुकटी जखमेपासून बरीच दूर जाते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचा अमुक एवढा अंश चालतो, असं कुठलाच डॉक्टर म्हणत नाही. रानात टाकलेली आतडी खाऊन इथले गरुड शिशानं आजारी पडतात, तेही याच गोळ्यांमुळे. त्यावर उपाय तांब्याची गोळी. ती फुलते पण सहसा फुटत नाही. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. आणि लांब गोळीला पीळ घट्ट लागतो! सत्तर वर्षांपूर्वी रेमिंग्टनवाल्यांनी दिलेला तो बारा इंची पीळ असा माझ्या खिम्यापर्यंत येऊन पोचला. ८० ग्रेनची तांब्याची गोळी दहा इंचांच्या पिळाला चालते. बाराच्या पिळात तिचा भरवसा नाही. मी म्हाताऱ्याला सांगितलं, ".२४३."

त्यानं कारण ऐकून घेतलं. "माझ्या बापानं जन्मभर शिशानं मारलेलं हरीण खाल्लं, नव्वदीपर्यंत जगला," तो म्हणाला. तांब्याच्या गोळ्यांची किंमत ऐकल्यावर आणखीही बरंच काही म्हणाला, ते इथे लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतः गावात जाऊन दोन पेट्या घेऊन आला आणि लेकीला म्हणाला, की गोळी बदलली म्हणजे दुर्बीण पुन्हा लावावी लागणार, शनिवारी ये. रायफल त्याच्याच कपाटात राहणार आहे. किल्लीही त्याच्याचकडे.

शनिवारी मीही गेले. परत येताना त्याला विचारलं, ज्याला कुणी निवडलं नाही त्या वडिलांच्या .२४४चं काय करणार. "ग्राउंडहॉग," तो म्हणाला. "कंपनीनं पहिल्यापासून तेच सांगितलं होतं." आणि मग गोठ्याच्या पायाशी त्यांनी केलेली बिळं दाखवायला मला तिकडे घेऊन गेला. बिळं बरीच आहेत. हरणाचं अजून ठरायचंय: मुंडी तपासणीच्या पेटीत टाकायची, कारण या भागात २००२ मध्ये हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग सापडला, तो अजून आहे, आणि निकाल येईपर्यंत मांस शिजवायचं नाही. तोवर ते फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायला जागा करायची आहे. नवऱ्यानं त्याच्या आमरसाचे डबे हलवायला साफ नकार दिलाय. वाटे कसे पाडायचे हेही बोललेलो नाही. म्हाताऱ्याला मी आजोबांची पद्धत सांगितली, तर मुंडीवरचा हक्क आपण सोडतो असं तो लगेच म्हणाला.